पोर्टलीशचा पोदेस्ता

बाळू मगर पोर्टलीशात राहायचा, पण त्याचं पोट काही पोर्टलीशात रमलं नव्हतं. ते दर रविवारी डब्लिनचा रस्ता धरायचं आणि त्याच्या मागोमाग बाळू.

गडी मूळचा आटपाडीकडचा. मिरजेला एक्स-रे काढायचं शिकला, तिथनं आखातात गेला, आखातातनं आयर्लंडात आला. दिवसभर हॉस्पिटलात लोकांची हाडं बघायची आणि संध्याकाळी चिप्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत येऊन पडायचं. लग्न दोनदा ठरलं, दोनदा मोडलं. तिसऱ्यांदा मामानं स्थळ आणलं तेव्हा बाळूनंच हात जोडले. स्वयंपाक यायचा म्हणजे चहा यायचा. आठवडाभर पाव, अंडी आणि डब्यातले बीन्स खाऊन जिभेवर बुरशी धरल्यागत व्हायचं.

मग शुक्रवारी डब्लिनहून कुणाचा तरी फोन यायचा. कधी सँडीफोर्डहून सतीशचा, कधी टॅलाहून उर्मिलाचा, कधी आणखी कुणाचा. "रविवारी येतोयस ना?" बाळू गाडी काढायचा. फुकट खायचा नाही. कुणाचा फ्रीज जिन्यावरनं चढवून दे, कुणाचा पलंग जोडून दे, कुणाच्या आईबापाला विमानतळावरनं घेऊन ये. आणि जेवायला बसला की बसला. सतीशच्या घरच्या आमटीत गूळ असायचा, त्याला बाळू तोंडावर नावं ठेवायचा आणि दोन वाट्या जास्त प्यायचा. उर्मिलाकडं सावजी रस्सा व्हायचा. तो खाताना नाकाडोळ्यांतनं पाणी वाहायचं आणि बाळू म्हणायचा, आता कुठं माणसात आल्यागत वाटाय लागलं.

असं बरं चाललं होतं. पण डब्लिनच्या मराठी मंडळात तट पडले.

निमित्त गणपतीचं. सतीश पुण्याचा, मोठ्या कंपनीत मॅनेजर आणि ढोलपथकाचा म्होरक्या. उर्मिला नागपूरची, टॅलाच्या हॉस्पिटलात नर्स आणि नाटकवेडी. त्या वर्षी उर्मिलाचं नाटक रंगात आलेलं. नायक दारू सोडायची शपथ घेतोय, बाया डोळे पुसायला लागल्यात, आणि बाहेर पार्किंगात सतीशच्या पोरांनी ढोल आवळून थापा मारून बघायला घेतले. शपथ कुणाला ऐकूच आली नाही. खोट्या मिशीच्या नायकाला तसंच गुडघ्यावर टाकून उर्मिला स्टेजवरनं थेट पार्किंगात. पुढं जे झालं ते बघायला शेजारच्या पबमधली माणसं ग्लास घेऊन बाहेर आली होती.

त्यानंतर एका मंडळाचे दोन ग्रुप झाले. कोजागरी एकाच संध्याकाळी दोन ठिकाणी. बाळू दोन्हीकडं जाऊन दूध प्याला, तर दोन्हीकडं त्याला विचारलं, तिकडं कशाला गेला होतास. रविवारचे फोनही बिचकत यायला लागले. एकाकडं गेला की दुसऱ्याकडं तोंड वाकडं. बाळूची पार कुचंबणा झाली.

शेवटी चार शहाण्यांनी टॅलात चर्चचा एक हॉल घेऊन बैठक बोलावली. सगळे एकमेकांकडं पाठ करून बसल्यासारखे बसले. चहा वाटत होती मेधा, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी पोरगी. दिवसभर जुन्या लॅटिन कागदांत डोकं घालून बसायची.

"जेनोआत पण असंच झालं होतं," ती सहज म्हणाली.

"जेनोआ म्हणजे कोण?" सतीशनं विचारलं.

"गाव आहे. इटलीतलं बंदर. आठ-नऊशे वर्षांपूर्वी तिथं राजा नव्हता, मोठ्या घराण्यांतली माणसंच आळीपाळीनं कारभार बघायची. मी ज्याच्यावर लिहितेय तो ओबेर्तो त्यातलाच. जहाजं, गोदामं, राहायला दगडी बुरूज. शेजाऱ्याचाही बुरूज. भांडण झालं की एकमेकांच्या अंगणात वरून धोंडे टाकायचे."

"आम्ही अजून धोंडे टाकले नाहीत."

"ढोल टाकले ना," उर्मिला म्हणाली.

मेधानं हसू दाबलं. "मग त्यांनी बाहेरगावचा माणूस आणला. एका वर्षाच्या बोलीवर. त्याला पोदेस्ता म्हणायचे. वर्षभर त्याचा शब्द शेवटचा. ओबेर्तो स्वतः कारभारी झाला असता, पण शेजाऱ्याच्या हाताखाली जाण्यापेक्षा परका बरा, असं त्याचं मत पडलं. परक्यापुढं मान वाकवली की हरल्यासारखं वाटत नाही."

हे मात्र दोन्ही तटांना पटलं. सतीशनं आजूबाजूला बघितलं. कोपऱ्यात बाळू एका हातात साबुदाणा वडा आणि दुसऱ्या हातात दुसरा वडा घेऊन बसला होता.

"पोर्टलीश बाहेरगावच की," सतीश म्हणाला.

"आणि भाऊ कोणाच्याच बाजूचे नाहीत," उर्मिला म्हणाली. गेल्या कित्येक दिवसांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"मी?" बाळूनं घास गिळला. "मी सांगूनसुदिक माणसं एक्स-रेत हलत्यात. माझं कोण ऐकणार?"

पण झाला. टाळ्या वाजल्या. मग मेधानं पोदेस्ताचे नियम सांगितले. नातेवाइकांना बरोबर आणायचं नाही. कुणाचा पक्ष घ्यायचा नाही. गावातल्या कुणाच्याही घरी जेवायचं नाही. आणि वर्ष संपलं की लगेच निघून जायचं नाही, तिथंच बसायचं, आणि ज्याची तक्रार असेल त्यानं ती तोंडावर सांगायची.

जेवणाचा नियम ऐकून हॉल खदखदून हसला. बाळूला सगळे ओळखून होते. बाळू तेवढा हसला नाही. त्याच्या बापाच्या बांधाचा तंटा पंचांपुढं गेला होता, तेव्हा पंच आदल्या दिवशी पलीकडच्याच्या वस्तीवर मटण खाऊन आलेले. मिशांचा रस्सा वाळायच्या आत निकाल लागला आणि बांध दोन हात अलीकडं सरकला. बाप त्यावर कधी बोलला नाही, पण पुढं कुठल्या पंगतीला बसला नाही. बाळूनं हातातला उरलेला वडा टेबलावर ठेवला.

"ठरलं," तो म्हणाला. "खाल्ला त्यो शेवटचा."

लोकांना वाटलं, दोन आठवडे टिकला तर पुष्कळ. पण गड्यानं वर्ष अंगावर घेतलं. दिवाळी एकच केली. फराळ कुणी कुठला आणायचा यावरनं वाद झाला, तर ज्याला जे येत नाही ते त्यानं आणायचं, असा निकाल दिला. त्या दिवाळीतल्या चकल्यांचा विषय लोक अजून काढतात. संक्रांतीला ढोल पार्किंगात, कार्यक्रमाच्या आधी, आणि एकदा दार लावलं की बाहेर टाचणी पडली नाही पाहिजे. सतीश म्हणाला, "हे अन्यायाचं आहे." बाळू म्हणाला, "असंल. वरीस संपल्यावर सांगा."

हळूहळू त्याचा शब्द चालायला लागला. तो हॉलात शिरला की बायका बोलायच्या थांबायच्या, पोरं खुर्च्या सरळ करायची. बाळ्याचा बाळूभाऊ झाला, बाळूभाऊचा बाळूसाहेब. आणि जेवायची वेळ झाली की साहेब उठायचे, बाहेर गाडीत जाऊन पाव आणि उकडलेली अंडी खायचे. हॉलाच्या खिडकीतनं पुलावाचा वास यायचा. बाळू काच वर करायचा.

एकदा मेधा त्याला गाडीत चहा द्यायला आली. त्यानं तोही घेतला नाही.

"एक सांग पोरी. त्यो जेनोआचा गडी जेवायचा कुठं?"

"त्याच्याबरोबर त्याची माणसं असायची. कारकून, शिपाई, घोडे. आचारी पण असणार."

"आचारी?" बाळूनं अंड्याकडं बघितलं. "मग त्येचं काय बिघाडलं? आचारी असल्यावं म्या बी धा वर्सं राज्य करीन."

नियमाचा खरा जाच झाला तो उर्मिलाच्या आईपायी. स्नेहलताबाई अधनंमधनं लेकीकडं यायच्या. ठसठशीत वऱ्हाडी बाई. बाळूच्या बोलीला त्या हसायच्या, त्यांच्या बोलीला बाळू हसायचा, आणि त्या दोघांना हसणारी पुण्याची माणसं आली की दोघं मिळून त्यांना हसायचे. त्या बाळूला ताटापुढनं उठू द्यायच्या नाहीत. त्या हिवाळ्यात त्या आल्या तेव्हा बाळू पोदेस्ता झालेला. मंडळाच्या कामाला तो टॅलात यायचा, दारात उभा राहून बोलायचा.

"काहून रे पोट्ट्या, घरात येत नाही काय?"

"मावशी, वरीसभर न्हाई जमायचं. नियम हाय."

"पाणी तं पी."

"पानी बी न्हाई."

"माह्या हातचं पाणी पेलं तं तुहं राज्य बुडते काय?"

बाळू हसायचा आणि पायरी उतरायचा. खरं सांगायचं तर त्याला त्यात थोडी गंमतही वाटायची. लोकांनी बोलवावं आणि आपण नाही म्हणावं. इतकी वर्षं तो बोलावण्याची वाट बघत बसलेला माणूस. नाही म्हणण्यातही चव असते, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

फेब्रुवारीत स्नेहलताबाई गेल्या. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. बाळू पोर्टलीशाहून निघाला तो तडक दारात. दहनाची वेळ ठरवणं, भटजी शोधणं, नागपूरच्या भावाशी बोलणं, सगळं त्यानं केलं. तेराव्याला उर्मिलाच्या घरी जेवण होतं. सँडीफोर्डहून सतीश आपली सगळी माणसं घेऊन आला. भांडण झाल्यापासून त्यानं त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

पानं मांडली तेव्हा बाळू चपला घालत होता.

"भाऊ, ताटावर बसा," उर्मिला म्हणाली.

"नगं ताई. वरीस सरू द्या."

"तेरावं आहे आज."

"ठावं हाय." पाडव्याचा कार्यक्रम टॅलात करायचा का सँडीफोर्डला, याचा निकाल अजून त्याच्याकडं पडून होता. "उद्या कोण म्हणंल, हिकडं जेवला आन् हिकडचा निकाल दिला. तुमच्याच अंगावं येईल त्ये."

उर्मिला वळून आत गेली.

बाळू समोरच गाडीत बसला. पडदे उघडे होते. सतीशनं बाह्या वर केल्या होत्या, बुंदीचं भांडं घेऊन तो पंगतीतनं वाढत चालला होता. उर्मिलापुढं आला, वाकला, काहीतरी बोलला. तिनं ताटावर हात आडवा धरला, त्यानं हातावरनंच वाढलं. दोन्ही तटांची माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. बाळूनं पावाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. आपण वर्षभर निकाल देऊन जे केलं नाही ते आत एका पंगतीत होऊन गेलं, हे त्याला तिथं बसल्या जागी दिसलं. पण दिसलं आणि कळलं यात अंतर असतं. त्यानं गाडी चालू केली. पाडवा सँडीफोर्डला झाला, आणि लोक म्हणाले, बघा, माणूस असावा तर असा.

वर्ष सरलं. गणपती एकच बसला, नाटक सबंध झालं, ढोल वेळेत वाजले. मग त्याच चर्चच्या हॉलात बाळूला खुर्चीवर बसवलं आणि मेधा म्हणाली, "आता ज्याची तक्रार असेल त्यानं बोलावं." सगळे गमतीत होते. एकानं चकल्यांची तक्रार केली. सतीश उठला, म्हणाला, "माझी तक्रार एकच. वर्ष फार लवकर संपलं. याला अजून एक वर्ष द्या." टाळ्या झाल्या.

"पोदेस्ताला लागोपाठ दुसरं वर्ष देत नसत," मेधा म्हणाली.

"मग नियम बदलू. जेनोआवाले काय बघायला येतायत?"

बाळू नको नको म्हणत होता, पण त्याच्या मनात गुदगुल्या होत होत्या. तेवढ्यात उर्मिला उभी राहिली.

"माझी तक्रार आहे. माझ्या आईच्या तेराव्याला हा माणूस माझ्या घरातून उपाशी गेला."

बाळूला वाटलं, ही गंमत असेल. तिच्याकडं बघितलं तर तशी काही चिन्हं नव्हती.

"ताई, नियम व्हता. तुमच्यासमोरच ठरल्याला."

"निकालासाठी ठरला होता. मी तुला निकाल मागायला बोलवलं नव्हतं. माझी आई गेली होती." तिचा आवाज चढला नाही. भाऊचं तू झालं, तेवढंच.

"जेवलो असतो तर सतीशरावाची मानसं काय म्हणली असती?" बाळूनं सतीशकडं बघितलं.

सतीशनं चहाचा कप खाली ठेवला. "काय म्हणणार होते? मीच वाढत होतो, बाळू. आत असतास तर तुलाही वाढलं असतं."

बाळू मनाशी उत्तर शोधायला लागला. त्या दिवशी नियम कुणासाठी पाळला? उर्मिलासाठी नाही. सतीशसाठी नाही. भांडणारे भांडण विसरून जेवायला बसले होते आणि भांडण एकट्यानं सांभाळत बाळू बाहेर बसला होता. बाप पंगतीला बसला नाही तो पंचांच्या रागानं. आपण बसलो नाही ते कशानं? लोक खिडकीतनं बघत असतील, म्हणत असतील, काय पण माणूस. ते ऐकायची चटक लागली होती, दुसरं काही नाही.

"बराबर हाय," तो म्हणाला. "चुकलं माझं. दंड सांगा."

मेधा उर्मिलाकडं बघायला लागली.

"दंड कशाला?" उर्मिला म्हणाली. "बोलायचं होतं, बोलले." आणि खाली बसली.

दंड दिला असता तर फेडून मोकळा झाला असता. बाळू तसाच बसला, आणि मग लोक समोसे घ्यायला उठले.

आता नियम सुटला होता. शुक्रवार आला, बाळूनं फोन समोर ठेवला. वाजला नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वर्षभरात लोकांची घडी बसून गेली होती. रविवारी कुणाच्या पोराचं पोहणं, कुणाची मॅच, कुणाकडं दुसरेच पाहुणे. आणि साहेबाला कोण म्हणणार, ये, कालची भाजी आहे. रस्त्यात सतीश भेटला, पाठीवर थाप मारून म्हणाला, "सगळं ग्रँड ना, साहेब? या एकदा ठरवून." ठरवून. बाळू आजवर कुणाच्या घरी ठरवून गेला नव्हता.

त्यानं मेधाला फोन लावला.

"त्यो जेनोआचा पोदेस्ता, वरीस संपल्यावं त्या गावाला पुन्यांदा गेला का गं कधी? जेवायबिवायला?"

"कागदांत तरी सापडत नाही. तक्रारी निपटल्या की तो आपल्या गावी परत जायचा. तिथं त्याचं घरदार असायचं. का हो काका?"

"काय न्हाई. सहज."

फोन ठेवला आणि तो खिडकीशी उभा राहिला. खाली चिप्सचा वास, रस्त्यावर पाऊस, समोर बंद पडलेलं चपलांचं दुकान. जेनोआच्या गड्याला जायला गाव होतं, म्हणून त्याला परकं होणं परवडलं. बाळूचं गाव कुठलं? आटपाडीकडची वस्ती भावाच्या पोरांनी भरलेली. पोर्टलीशात चिप्सवाला सोडला तर नावानं हाक मारणारं कोण नव्हतं. त्याचं गाव म्हणजे ती चार घरं. त्यांनी त्याला बाहेरगावचा म्हटलं, आणि हा शहाणा खरंच बाहेरगावचा झाला.

दोन रविवार त्यानं अंडी खाऊन काढले. तिसऱ्या रविवारी गाडी काढली. फोन केला नाही. फोन केला असता तर ती या म्हणाली असती, चार पदार्थ केले असते, आणि हा पुन्हा साहेबासारखा जेवून आला असता. टॅलाला पोचेपर्यंत त्याच्या मनात दोनदा आलं, मागं फिरावं. भुकेनं फिरू दिलं नाही.

दार उर्मिलानं उघडलं. अंगात नर्सचा ड्रेस, हातात गाडीची किल्ली, केस अर्धे बांधलेले.

"काय हो? मंडळाचं काही?"

"न्हाई. भूक लागलीया."

ती दारात तशीच उभी राहिली. बाळूही उभा राहिला. आत येऊ का, हे विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्यानं मागं ढकललं. विचारलं असतं तर पाहुणा झाला असता.

"मला ड्युटी आहे," ती म्हणाली. "हे पोराला घेऊन हर्लिंगच्या मॅचला गेलेत. घरात कोणी नाही वाढायला."

"मला वाढाय कशाला कोन पायजे?"

उर्मिलानं उरलेले केस बांधले. घाई नव्हती तिला त्यात. "कालचं आहे. कढईत आहे ते संपव. पोळ्या फडक्यात असतील, नसल्या तर भात लाव. तांदूळ खालच्या प्रेसमध्ये. आणि कढई घासून ठेव, मागच्यासारखं नुसती पाण्यात भिजत टाकून जाऊ नको."

"मागं कवा?"

"मागे म्हणजे मागे. साहेब व्हायच्या आधी." ती त्याच्या बाजूनं बाहेर पडली, गाडीत बसली. काच खाली केली. "दार ओढून घे जाताना. आपोआप लागतं."

ती गेली. बाळू आत आला. भिंतीवर स्नेहलताबाईंचा फोटो लावला होता, हार वाळलेला. त्याच्यापुढं तो थांबला. नळाखाली ग्लास धरला, घटाघटा पाणी प्याला. पोळ्या नव्हत्या. खालचं कपाट, म्हणजे तिचं प्रेस, उघडून तांदूळ काढले, धुतले, भात लावला. चांगला झाला नाही, तळाला लागला. कढईत कालचा रस्सा होता, वरनं तेल थिजलेलं. तो त्यानं गरम केला आणि टेबलाशी बसून भातावर ओतून घेतला. पहिल्या घासाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं. बघायला कोणी नव्हतं. आणखी वाढून घ्या म्हणायलाही कोणी नव्हतं, तेव्हा त्यानं स्वतःच घेतलं, पुन्हा घेतलं, आणि कढई पालथी केली.

हा दंड झाला का माफी, याचा त्यानं थोडा विचार केला. निकाल लागला नाही. मग बाह्या वर करून तो मोरीशी उभा राहिला. कढईच्या बुडाला मसाला करपून धरला होता. जेवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ ती घासायला लागला.